मागून ठेवायची गोळी: सपोझिटरी पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी

डिस्चार्जच्या कागदावर खालून दुसऱ्या ओळीत "बिसाकोडिल सपो. १० मिग्रॅ, एसओएस" एवढंच लिहिलं होतं. एसओएस म्हणजे लागेल तेव्हा, हे मला मेडिकलवाल्याने सांगितलं, आणि ती गोळी तोंडाने घ्यायची नसते हे पण त्यानेच, तेही मी "जेवणाआधी की नंतर" विचारल्यावर. बाकी कशी ठेवायची, कधी ठेवायची, किती वेळ थांबायचं, काही नाही. बाबा ७८ वर्षांचे, बाथरूममध्ये पाय घसरून उजव्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन घरी आणलं आणि पाचवा दिवस उजाडला तरी पोट साफ नाही. जेवण अर्ध्यावर आलं, चिडचिड वाढली, आणि मी एक छोटं पांढरं रॉकेट हातात धरून उभा, ते पण नागपूरच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतून आणल्यामुळे अर्धं पाघळलेलं.

शेवटी ओळखीच्या एक रिटायर्ड सिस्टर घरी आल्या आणि अर्ध्या तासात त्यांनी सगळं शिकवलं. पुढे ते बऱ्याचदा करावं लागलं, एकदा माझ्या स्वतःवरही, तेव्हा जे कळलं ते इथे सरळ लिहितोय. विषय लाजायचा वाटतो म्हणून कोणी विचारत नाही आणि मग घरात तेलाची बाटली घेऊन प्रयोग चालू होतात.

आधी हे बघा की ही लागतेय का

रोज सकाळी झालंच पाहिजे असं काही नाही. दिवसातून ३ वेळा ते आठवड्यातून ३ वेळा, यातलं काहीही नॉर्मल असू शकतं, माणसागणिक वेगळं. त्रास म्हणजे काय, तर खडे पडतात, कुंथावं लागतं, जाऊन आलं तरी काहीतरी अडकलंय असं वाटतं, नाहीतर नेहमीपेक्षा खूपच दिवस गेलेत. तेव्हा सपोझिटरी उपयोगी पडते, म्हणजे माल खाली येऊन बसलाय पण बाहेर निघत नाहीये अशा वेळी.

पण काही वेळा ती अजिबात वापरायची नाही आणि हे मी पहिल्यांदाच सांगतो कारण लोक स्टेप्स वाचतात आणि हे वगळतात. पोटात जोरात दुखतंय, पोट फुगून टणक झालंय, उलट्या होतायत, वारा पण सरत नाहीये, तर ते साधं बद्धकोष्ठ नसून आतडं अडलेलं असू शकतं, तिथे घरी काही न करता थेट हॉस्पिटल. पोटदुखीसोबत ताप असेल तर अपेंडिक्सची शंका असते, तिथेही नाही. संडासातून रक्त पडतंय, डांबरासारखी काळी शी होतेय (लोहाच्या गोळ्यांनी पण काळपट होते, तरी डॉक्टरांना दाखवूनच ठरवा), वजन उतरतंय, किंवा पन्नाशीनंतर अचानक पोटाची सवयच बदललीय, तर आधी तपासणी. मूळव्याध सुजलेली असेल किंवा फिशर (म्हणजे त्या जागेला पडलेली चीर) ताजं असेल तर डॉक्टरांना विचारून, कारण तिथे नुसतं बोट लागलं तरी माणूस छताला जातो. त्या भागाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर नाही. केमो चालू असेल आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी असतील तर मागून काहीच घालायचं नाही, थर्मामीटरसुद्धा नाही, इन्फेक्शनचा आणि रक्तस्रावाचा धोका असतो. मणक्याला मार लागून छातीखालचं अंग लुळं पडलेल्या माणसाचं तर वेगळंच शास्त्र आहे, त्यांचं बीपी अचानक भडकू शकतं, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांनी शिकवलेल्या पद्धतीनेच. गरोदर बाईने पण विचारून.

अजून एक फसवी गोष्ट. म्हाताऱ्या माणसाला बरेच दिवस झालं नाही आणि मग अचानक पातळ, थेंब थेंब, कपड्याला लागेल असं व्हायला लागलं, तर घरच्यांना वाटतं चला जुलाब झाले, पोट सुटलं. कधीकधी आत खडा घट्ट बसलेला असतो आणि त्याच्या बाजूने पाणी झिरपत असतं. तिथे जुलाब बंद व्हायची गोळी दिली की संपलंच. डॉक्टरांना बोटाने तपासायला सांगा.

मेडिकलमध्ये काय मागायचं

मुख्य दोन प्रकार. एक ग्लिसरीनची, पारदर्शक जेलीसारखी. ती आजूबाजूचं पाणी ओढून घेते, खडा जरा मऊ करते, वाट गुळगुळीत करते आणि आतल्या त्वचेला हलकं चाळवते. साधारण १५ ते ३० मिनिटांत काम होतं. दुसरी बिसाकोडिलची, पांढरी, मेणासारखी, आपल्याकडे डल्कोफ्लेक्स नावाने सगळ्यांना माहीत असते, मोठ्यांची १० मिलिग्रॅम आणि लहान मुलांची ५. ही आतड्याच्या भिंतीतल्या नसांना जागं करते, मग आतडं स्वतःच आकसून माल पुढे ढकलतं. १५ मिनिटं ते तासभर धरा. पहिल्यांदाच वापरणार असाल आणि डॉक्टरांनी नाव लिहून दिलं नसेल तर ग्लिसरीनने सुरुवात करा, ती जास्त सौम्य आहे, मुरड कमी येते.

बिसाकोडिलची तोंडाने घ्यायची गोळी पण मिळते, ती वेगळी, तिला ६ ते १२ तास लागतात म्हणून रात्री घेतात. आणि आपल्याकडे रात्रीची गोळी म्हटलं की ग्लासभर दुधासोबत, तसं या गोळीचं करू नका. तिच्यावर जे कोटिंग असतं ते दुधाने किंवा अॅसिडिटीच्या औषधाने पोटातच विरघळतं आणि मग पोटात कळा येतात. तासाभराचं अंतर ठेवा.

पाकीट घेताना नाव वाचा, म्हणजे खरंच वाचा. तापाची पॅरासिटामॉलची सपोझिटरी येते, दुखण्याची डायक्लोफिनॅकची येते, बायकांच्या योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या पण साधारण त्याच आकाराच्या येतात आणि सगळ्यांची रवानगी फ्रीजच्या दारात. आमच्या फ्रीजमध्ये भाच्याच्या तापाच्या सपोझिटरीची पट्टी होती, रंगरूप सेम, मी ती जवळजवळ उघडलीच होती.

आणि उन्हाळा. बिसाकोडिलवालीचा जो मेणासारखा भाग असतो तो अंगाच्या उष्णतेला, म्हणजे ३७ डिग्रीला विरघळावा असाच बनवलेला असतो, तेच तर तिचं काम. आता ४५ डिग्रीत डिकीत ठेवल्यावर ती काय करणार. मेडिकलमधून थेट घरी आणा, २५ डिग्रीखाली ठेवा, उन्हाळ्यात खालच्या कप्प्यात फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. मऊ पडली असेल तर उघडायच्या आधीच, रॅपरसकट, गार पाण्याच्या वाटीत किंवा फ्रीजमध्ये १५ मिनिटं ठेवा, परत कडक होते. पूर्ण पाघळून आकार गेला असेल तर टाकून द्या, नवीन घ्या, महाग नसते.

वेळ कोणती

सकाळचा चहा-नाश्ता झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी. पोटात काही गेलं की आतडं आपणहून हलतं, सगळ्यांनाच चहानंतर प्रेशर येतं ते त्यामुळेच, मग त्या लाटेवरच हिला सोडायची. रात्री झोपायच्या आधी ठेवू नका, अर्ध्या झोपेत म्हाताऱ्या माणसाला पळावं लागलं तर पडण्याची भीती. घरात एकच संडास असेल, किंवा चाळीतला कॉमन असेल, तर सगळ्यांचं आटोपल्यावर ठेवा, नाहीतर वीस मिनिटांनी बाहेरून दार वाजवायची वेळ येते आणि तेव्हा थांबणं शक्य नसतं.

तयारी

नखं कापा. हे मी वेगळी ओळ देऊन लिहायला हवं खरं तर. अंगठी काढा, हात साबणाने धुवा, ग्लोव्ह घाला, नसेल तर बोटात घालायचं फिंगर कॉट मिळतं, तेही नसेल तर स्वच्छ हात आणि कापलेलं नख चालतं, नंतर परत धुवायचेच आहेत. गादीवर अंडरपॅड किंवा जुनी चादर आणि खाली प्लास्टिक. चालता येत नसेल तर बेडपॅन किंवा कमोडची खुर्ची आधीच पलंगाजवळ आणून ठेवा, गोळी ठेवल्यावर शोधायला जाऊ नका. लघवी आधी करून घ्यायला सांगा. टिश्यू, एक वाटी पाणी, कचऱ्याची पिशवी, आणि घड्याळ दिसेल असं.

माणसाला सांगा की आपण काय करणार आहोत. बाबांना पहिल्या दिवशी मी नीट सांगितलंच नव्हतं, "जरा कुशीवर व्हा" म्हणालो आणि त्यांनी धोतर असं घट्ट धरून ठेवलं की सोडेचनात. सिस्टर आल्या, दार लावलं, आईला बाहेर बसवलं, अंगावर कमरेपर्यंत चादर टाकली आणि फक्त तेवढीच जागा उघडी केली, म्हणाल्या, "काका, एक छोटी गोळी मागे ठेवतेय, बोट लागेल, दुखणार नाही, दुखलं तर थांब म्हणा, मी थांबते." बाबा गप. धोतर सुटलं. त्यांना स्वतः करता येत असेल तर त्यांनाच करू द्या हेही त्या म्हणाल्या, हात पोचत असेल तर बहुतेक लोकांना स्वतः करणंच बरं वाटतं.

आता प्रत्यक्ष

डाव्या कुशीवर झोपायचं. आपलं मोठं आतडं शेवटी डाव्या बाजूने खाली उतरतं म्हणून डावी कूस. खालचा म्हणजे डावा पाय सरळ, वरचा उजवा गुडघा वाकवून पोटाकडे घ्यायचा, असं केलं की जागा नीट दिसते आणि स्नायू सैल पडतो. स्वतः करत असाल तर एक पाय टबाच्या कडेवर किंवा स्टुलावर ठेवून उभ्यानेही जमतं, पण पहिल्यांदा झोपूनच करा.

इथे थांबून एक सांगतो, खुब्याच्या ऑपरेशनवाल्यांसाठी. नेटवर सगळीकडे गुडघा छातीला लावा असंच लिहिलेलं असतं. बाबांचा खुब्याचा गोळा बदललेला, त्यांना डॉक्टरांनी मांडी ९० अंशापेक्षा जास्त वाकवायची नाही आणि पायावर पाय टाकायचा नाही असं बजावलं होतं, नाहीतर नवीन सांधा निखळतो. मी चित्रात बघून त्यांचा तोच पाय वर ओढायला निघालो होतो, सिस्टरने हात धरला. त्यांनी काय केलं, दोन्ही पायांच्या मध्ये दोन उशा, वरचा पाय उशांवर तसाच आडवा, जेमतेम वाकलेला, आणि मागून जागा हाताने बाजूला करून काम केलं. डावा खुबा ऑपरेट झालेला असता तर उजव्या कुशीवर करू म्हणाल्या. डावी कूस बरी एवढंच, गोळीला काही कूस कळत नाही. तुमच्या माणसाचं ऑपरेशन झालं असेल तर कसं वळवायचं ते डिस्चार्जच्या आधीच फिजिओला विचारून घ्या.

आता रॅपर काढायचं. हसू नका, रॅपरसकट ठेवणारे लोक असतात, सिस्टरने तीन केसेस सांगितल्या. फॉइलच्या किंवा प्लास्टिकच्या साच्याला टोकाकडे दोन पाकळ्या असतात, त्या दोन्हीकडे ओढायच्या, केळं सोलतो तसं. नखाने टोकरत बसाल तर हातातच विरघळते, म्हणून काढली की लगेच.

टोक पाण्यात बुडवायचं. फक्त पाणी. आपला हात खोबरेल तेलाकडे नाहीतर व्हॅसलिनकडे जातो, माझाही गेला, पण बिसाकोडिलवालीला तेलकट थर लागला की औषध भिंतीला लागायला अडचण होते. ग्लिसरीनवालीला पण पाणी पुरतं. फारच कोरडं असेल तर पाण्याची बनलेली जेली मिळते ती.

वरचा कुल्ला एका हाताने उचला, जागा दिसू द्या, अंदाजाने घालू नका. माणसाला तोंडाने लांब श्वास सोडायला सांगा, आणि सोडताना हलकंसं जोर केल्यासारखं करायला सांगा, तेव्हा दार आपोआप जरा उघडतं. त्या क्षणी टोकदार बाजू पुढे करून बोटाने आत ढकला. पहिलं जे आवळलेलं कडं लागतं तो स्नायू, त्याच्यातच सोडली तर ती परत बाहेर येते, त्याच्या पलीकडे जाईपर्यंत ढकलायचं, मोठ्या माणसात साधारण एक ते दीड इंच, म्हणजे बोटाचं पहिलं पेर पूर्ण जाऊन दुसरं सुरू होतं. पलीकडे गेली की बोटाला जाणवतं, आवळ सुटतो आणि गोळी एकदम आत सरकते. दिशा बेंबीकडे ठेवा, सरळ पाठीच्या कण्याकडे नाही. अडलं तर जोर नाही, थांबा, परत श्वास.

टोकदार बाजू आधी की बोथट, यावर पण वाद आहे बरं का. १९९१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इजिप्तच्या काही डॉक्टरांनी बोथट बाजू आधी घातली तर स्नायू स्वतःच तिला वर ओढून घेतो असं मांडलं होतं, तेव्हापासून काही नर्सेस तसं करतात. पाकिटातल्या कागदावर जे असेल ते करा, आम्ही टोकच आधी करतो आणि चालतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याच चित्रात नीट दाखवत नाहीत. गोळी आतल्या भिंतीला लागली पाहिजे. आत शी असेल आणि तुम्ही गोळी तिच्यातच खुपसलीत, तर ती शीमध्ये बसून राहते आणि काही होत नाही, मग लोक म्हणतात औषध बोगस आहे. बोटाला टणक खडा लागला तर गोळी त्याच्या बाजूने सरकवा, खडा आणि भिंत यांच्या मध्ये, आणि बोट काढायच्या आधी हलकंच बाजूला दाबा. माझी पहिली गोळी अशीच फुकट गेली असणार, तासाभराने खड्याला चिकटलेली जशीच्या तशी निघाली.

बोट काढलं की दोन्ही कुल्ले एकमेकांवर एक-दोन मिनिटं दाबून धरा. ग्लोव्ह उलटा करून काढा, पिशवीत, हात धुवा.

थांबणं हेच अवघड

ठेवल्या ठेवल्या दुसऱ्या मिनिटाला वाटतं की आली. ती आली नसते, नुसती आत काहीतरी असल्याची जाणीव असते. तेव्हा उठून गेलात की गोळी टपकन खाली पडते आणि सगळं मुसळ केरात. कमीत कमी १५, जमलं तर २० मिनिटं कुशीवर पडून राहायचं. बाबांना मी रेडिओ लावून द्यायचो, विविध भारतीवर तीन-चार गाणी झाली की जायचं, असं ठरवलं होतं, घड्याळापेक्षा ते सोपं गेलं. माझ्यावर वेळ आली तेव्हा कळलं की पाचव्या मिनिटाच्या आसपास एक जोराची लाट येते, घाम फुटतो, ती तोंडाने श्वास घेत जाऊ द्यायची, मग जरा शांत होतं, आणि नंतरची लाट खरी. हां, पण अगदीच असह्य झालं तर गादीवर शौर्य दाखवू नका, जा.

पाच-दहा मिनिटांत गोळी अख्खीच बाहेर आली तर ती पुरेशी आत गेली नव्हती, परत ठेवा, जरा पलीकडे.

बसल्यावर

भारतीय संडास असेल आणि गुडघे चांगले असतील तर उत्तम, उकिडवं बसणं हीच मुळात योग्य पोझिशन. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत, कोपरं मांडीवर, थोडं पुढे झुकायचं. खुब्याच्या ऑपरेशनवाल्यांना हे बरोब्बर उलट, त्यांना उंच कमोड, पाट नाही, झुकायचं नाही.

कुंथू नका, औषधाला काम करू द्या. म्हाताऱ्या माणसांना जोर करताना किंवा झाल्यावर एकदम उठताना चक्कर येते, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर अजूनच, म्हणून दाराला आतून कडी लावू देऊ नका, नुसतं लोटून ठेवा आणि बाहेर कोणीतरी असू द्या, पण बाहेरून "झालं का, झालं का" करू नका. मधे थोडी मुरड, थोडी जळजळ, थोडा चिकट पांढुरका पदार्थ, हे चालतं, तो गोळीचाच उरलेला भाग असतो. रक्त आलं, दुखणं थांबलंच नाही, किंवा जुलाब सुरू झाले तर डॉक्टर. झाल्यावर पाणी प्यायला द्या.

तासाभरात काहीच नाही झालं तर

लगेच दुसरी ठेवायची नाही. दिवसाला एक. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर आठवड्याच्या वर सलग नाही. दोन दिवस नीट ठेवूनही काही होत नसेल तर एक तर माल वर अडलाय जिथे ही पोचत नाही, नाहीतर खाली इतका घट्ट बसलाय की एनिमा किंवा हाताने काढायची गरज आहे. ते घरी करू नका. मेडिकलमध्ये फॉस्फेटचा तयार एनिमा सहज मिळतो आणि लोक आणून देऊन टाकतात, पण म्हातारं माणूस, त्यात किडनी कमजोर, तर त्याने रक्तातल्या क्षारांचं गणित बिघडून जिवावर बेतू शकतं.

लहान मुलांचं वेगळं

डॉक्टरने सांगितल्याशिवाय नाही. एवढं वाक्य पुरे होतं पण आपल्याकडे बाळाला दोन दिवस झालं नाही की आजी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून आणते, कुठे साबणाची बारीक वात करून घालतात. साबणाने आतली नाजूक त्वचा भाजते, देठाने खरचटतं. अंगावर पिणारं बाळ कधीकधी काही दिवस शी करत नाही आणि केली की मऊ असते, बाळ खेळतंय, पितंय, तर ते नॉर्मल आहे. पोट फुगलंय, उलट्या आहेत, पीत नाहीये, किंवा जन्मल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत पहिली काळी शीच झाली नाही, तर लगेच दाखवा.

मुळात पोट साफ का झालं नाही

सपोझिटरी ही आजची अडचण सोडवते. बाबांचं कारण शोधायला गेलो तर एक नाही चार सापडली. दुखण्यासाठी दिलेलं ट्रॅमाडॉल चालू होतं, ते आतडं झोपवतं. लोहाची गोळी. कॅल्शियमची गोळी. आणि दिवसभर पडून. त्यात लघवीला उठावं लागू नये म्हणून ते पाणी चोरून कमी पीत होते, भरलेला तांब्या संध्याकाळी भरलेलाच, हे मला चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं. तुमच्याकडे पण औषधांची यादी काढून डॉक्टरांना विचारा, बीपीची अॅम्लोडिपिन, कोडिनवालं खोकल्याचं औषध, झोपेसाठी दिलेली अॅमिट्रिप्टिलिन, अॅल्युमिनियमवालं अँटासिड, यातलं काहीही असू शकतं, थायरॉईड पण बघतात. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

इसबगोल चांगलं, पण भरपूर पाणी पिणाऱ्यासाठी. पडून असलेल्या आणि दोन घोट पाणी पिणाऱ्या माणसाला चमचाभर इसबगोल दिलं तर ते आत फुगून बुचासारखं बसतं, आणि ट्रॅमाडॉलसारख्या औषधाने झालेल्या बद्धकोष्ठाला तसाही त्याचा फार उपयोग नाही. आमच्या डॉक्टरांनी लॅक्टुलोजचं सिरप दिलं, त्याला एक-दोन दिवस लागतात म्हणून पहिल्या दिवशी झालं नाही म्हणून डोस वाढवू नका. सोबत भिजवलेल्या काळ्या मनुका, पपई, भाकरी आणि पातळ ताक. वॉकरने हॉलमधून किचनपर्यंत दोन फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा खरा फरक पडला, आणि ट्रॅमाडॉल बंद झाल्यावर तर चार दिवसांत गाडी रुळावर.

उरलेल्या गोळ्या एक्स्पायरी बघून ठेवायच्या, उघडी निघालेली टाकून द्यायची, आणि डबीवर मोठ्या अक्षरात लिहायचं. आमच्याकडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात प्लास्टिकची एक डबी आहे, तिच्यावर बाबांनी स्वतः स्केचपेनने लिहून ठेवलंय: "माझे आहे. खाऊ नये."